वेगळी पंगत कोणी मांडली?

अमेरिकेत दर वर्षी हिवाळा सरता सरता पुरस्कारांचा हंगाम येतो. ऑस्कर, ग्रॅमी, गोल्डन ग्लोब ही नावं मराठी वाचकांच्या ओळखीची आहेत. त्याच हंगामात ‘एनएएसीपी इमेज अवॉर्ड्‌स’ नावाचा एक सोहळा होतो. त्याची आपल्याकडे फारशी दखल घेतली जात नाही. नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल, म्हणजेच एनएएसीपी, ही कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या बेव्हर्ली हिल्स-हॉलीवूड शाखेनं १९६७ साली हे पुरस्कार सुरू केले. चित्रपट, दूरचित्रवाणी, संगीत आणि साहित्य या क्षेत्रांत कृष्णवर्णीयांनी आणि एकूणच गोरेतर कलावंतांनी केलेल्या कामाचा सन्मान करणं हा त्यांचा हेतू. असा वेगळा सोहळा असावा का, हा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. तो विचारणारे सगळे वर्णद्वेषी असतात असं मुळीच नाही. कलेवर मनापासून प्रेम करणारी, माणसामाणसांत भेद न मानणारी माणसंही तो विचारतात. अशाच एका आक्षेपकाशी हा वाद आहे.

आक्षेपक : या पुरस्कारांबद्दल माझ्या मनात आकस नाही, पण त्यांच्यामागचा विचार मला मुळातच चुकीचा वाटतो. कलाकृती चांगली असते किंवा नसते. ती कोणत्या रंगाच्या माणसानं केली हे विचारायचं नाही, हेच तर वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यानं जगाला शिकवलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या पंगतीला बसवलं, त्यांनी आता आपणहून वेगळी पंगत मांडावी, यात मला पराभव दिसतो. शिवाय हा आक्षेप एकट्या गोऱ्यांचा नाही. १९२६ साली जॉर्ज स्कायलर या कृष्णवर्णीय पत्रकारानंच ‘द नेशन’ साप्ताहिकात लेख लिहून बजावलं होतं की ‘निग्रो कला’ असं काही वेगळं नाही, अमेरिकेतला काळा माणूस हा बाकीच्या अमेरिकनांसारखाच अमेरिकन आहे. काउंटी कलन हा त्याच काळातला मोठा कवी. आपल्याला ‘निग्रो कवी’ न म्हणता नुसतं कवी म्हणावं, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि सगळ्यांसाठी असलेल्या स्पर्धेत ही माणसं जिंकलीच नाहीत असंही नाही. ग्वेंडोलिन ब्रूक्स यांना १९५० साली कवितेचं पुलित्झर मिळालं. राल्फ एलिसन यांच्या ‘इन्व्हिजिबल मॅन’ला १९५३ साली नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. तेव्हा इमेज अवॉर्ड्‌स कुठे होते? वेगळा पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाकडे वाचक ‘त्यांच्यातलं चांगलं’ म्हणून बघतो. सन्मानाच्या नावाखाली हा उणेपणा तुम्ही लेखकाच्या गळ्यात घालता.

लेखक : पंगतीपासूनच सुरुवात करू, कारण इथं ती शब्दशः मांडली गेली होती. २९ फेब्रुवारी १९४० ला लॉस एंजेलिसच्या ॲम्बॅसेडर हॉटेलात ऑस्करचा समारंभ झाला. ‘गॉन विथ द विंड’मधल्या मॅमीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना साहाय्यक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. निर्मात्यानं खास विनंती केली म्हणून त्यांना आत घेतलं गेलं आणि त्यांची बसण्याची व्यवस्था सहकलाकारांच्या टेबलापासून दूर, बाजूच्या एका लहान टेबलावर केली गेली. दोनच महिन्यांपूर्वी अटलांटात त्याच चित्रपटाचा पहिला खेळ झाला होता. जॉर्जिया राज्यातल्या वर्णभेदामुळे त्या तिथं जाऊच शकल्या नव्हत्या. वेगळी पंगत कोणी मांडली, हे ठरवताना ही रात्र आधी समोर ठेवा. त्यानंतर अभिनयाचं ऑस्कर दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला मिळायला १९९१ साल उजाडलं. त्या वर्षी व्हूपी गोल्डबर्ग यांना ‘घोस्ट’साठी ते मिळालं, मध्ये ५१ वर्षं गेली. सिडनी पॉइटियर यांना १९६४ साली प्रमुख अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं आणि त्यानंतरचं डेन्झेल वॉशिंग्टन यांना २००२ साली. ब्रूक्स यांचं पुलित्झर तुम्ही सांगितलंत. कथात्म साहित्याचं पुलित्झर मात्र जेम्स ॲलन मॅक्फर्सन यांच्यापर्यंत, म्हणजे १९७८ पर्यंत, एकाही कृष्णवर्णीय लेखकाला मिळालं नव्हतं. सगळ्यांसाठी असलेली स्पर्धा म्हणून तुम्ही जिचा दाखला देता, ती सगळ्यांसाठी होती हे आधी सिद्ध व्हायला हवं.

आता कलनकडे येऊ. त्याचं मागणं रास्तच होतं, पण ते मान्य करणं त्याच्या हातात नव्हतं. तो पुढे कसा आला हे पाहिलं तर वेगळ्या पुरस्काराचं काम कळतं. नॅशनल अर्बन लीगच्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ मासिकानं काळ्या लेखकांसाठी साहित्यस्पर्धा घेतली आणि मे १९२५ मध्ये न्यूयॉर्कला तिचा पारितोषिक समारंभ झाला. संपादक चार्ल्स जॉन्सन यांनी परीक्षक आणि पाहुणे म्हणून गोऱ्या लेखक-प्रकाशकांनाही मुद्दाम बोलावलं होतं. कवितेचं पहिलं बक्षीस लँग्स्टन ह्यूज यांना मिळालं आणि बक्षीसविजेत्यांत कलनही होता. पाहुण्यांत असलेल्या कार्ल व्हॅन व्हेक्टन यांनी ह्यूज यांच्या कविता क्नॉफ या प्रकाशनसंस्थेपर्यंत पोचवल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचा पहिला संग्रह आला. झोरा नील हर्स्टन या तरुण लेखिकेला कथेसाठी आणि नाटकासाठी दुसरी बक्षिसं मिळाली. त्याच समारंभात तिची ओळख ॲनी नेथन मेयर यांच्याशी झाली आणि त्या ओळखीतून बार्नर्ड कॉलेजचं दार तिच्यासाठी उघडलं. वेगळ्या बक्षिसानं या लेखकांना कोंडून ठेवलं नाही. ज्यांच्या हाती छापखाने आणि शिष्यवृत्त्या होत्या, त्यांच्या नजरेस ती माणसं एका संध्याकाळी एकत्र पडली. स्कायलर यांच्या लेखाला पुढच्याच आठवड्यात त्याच साप्ताहिकात ह्यूज यांनी उत्तर दिलं. त्या उत्तरातला मुद्दा मला आजही पटतो : आपण अमुक वंशाचे नाही असं भासवल्यानं कलावंत मोठा होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या मापात बसायला धडपडतो.

आक्षेपक : १९२५ आणि १९४० च्या गोष्टी मी नाकारत नाही. पण त्या काळाचा इलाज आजही चालू ठेवायचा का? टोनी मॉरिसन यांना १९९३ साली नोबेल मिळालं. ‘मूनलाइट’ला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. कोल्सन व्हाइटहेड यांना २०१७ आणि २०२० असं दोनदा पुलित्झर मिळालं. ‘ब्लॅक पँथर’नं जगभर शंभर कोटी डॉलरच्या वर धंदा केला. दारं उघडली आहेत. आणि जिथं दबावानं दारं उघडली, तिथं काय झालं तेही बघा. जानेवारी १९८८ मध्ये ४८ कृष्णवर्णीय लेखक-समीक्षकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ग्रंथपरीक्षण पुरवणीत निवेदन छापलं की मॉरिसन यांना ना नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं ना पुलित्झर. काही महिन्यांतच त्यांच्या ‘बिलव्हेड’ला पुलित्झर जाहीर झालं. इतक्या मोठ्या कादंबरीच्या यशावर तेव्हापासून शंकेची सावली पडली. हे त्या लेखिकेवर अन्याय करणारंच नाही का?

लेखक : सावली कोणी टाकली, हा पुन्हा तोच प्रश्न. जेम्स बाल्डविन डिसेंबर १९८७ मध्ये वारले. नॅशनल बुक अवॉर्ड आणि पुलित्झर या दोन्हींपैकी एकही पुरस्कार त्यांना कधी मिळाला नव्हता. ते निवेदन त्या दुःखातून निघालं होतं, आणि त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. ‘बिलव्हेड’ आज जगभर वाचली जाते, नोबेलच्या परीक्षकांनी काही न्यूयॉर्कचं वर्तमानपत्र बघून निर्णय घेतला नाही. निवेदनानं कादंबरी चांगली झाली नाही आणि वाईटही झाली नाही. तोवर कोणी जाहीरपणे न विचारलेला प्रश्न तेवढा विचारला गेला.

दारं उघडली, असं तुम्ही म्हणता. ती उघडली त्याआधी काय काय झालं ते पाहा. २०१२ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’नं ऑस्करच्या मतदारांचा शोध घेतला, तेव्हा त्यांतले सुमारे ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष निघाले. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं अभिनयाच्या वीसच्या वीस नामांकनांत एकही गोरेतर माणूस नव्हता. त्यावर एप्रिल रेन यांनी समाजमाध्यमांत सुरू केलेली मोहीम गाजली, आणि २०१६ च्या जानेवारीत अकादमीनं स्त्रिया आणि गोरेतर सभासदांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करायचं ठरवलं. ‘मूनलाइट’चं ऑस्कर त्यानंतरचं आहे. मतदार बदलले म्हणूनच तो चित्रपट जिंकला, असं मी म्हणणार नाही. तो जिंकण्याच्याच योग्यतेचा होता. पण तुमच्या यादीतला हा दाखला आपोआप उगवलेला नाही, एवढं तरी मान्य करा. आणि दारं पुन्हा बंदही होतात. २०२० च्या ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत अभिनयाची वीसही नामांकनं गोऱ्यांची होती. २०२१ साली उघड झालं की गोल्डन ग्लोब देणाऱ्या संघटनेच्या ८७ सभासदांत एकही कृष्णवर्णीय नाही. ग्रंथव्यवहार तर याहून मागे आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं डिसेंबर २०२० मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थांनी १९५० ते २०१८ या काळात काढलेल्या सात हजारांवर कथात्म पुस्तकांचा अभ्यास छापला, लेखकांचा वंश ज्यांत निश्चित करता आला त्यांतली ९५ टक्के पुस्तकं गोऱ्या लेखकांची होती. त्याच वर्षी लेखकांनी आपापल्या आगाऊ मानधनाचे आकडे जाहीर केले, तेव्हा जेस्मिन वॉर्ड यांनी सांगितलं की नॅशनल बुक अवॉर्ड मिळाल्यानंतरही एक लाख डॉलरच्या मानधनासाठी आपल्याला झगडावं लागलं. तुमच्या सामाईक स्पर्धेतला सर्वोच्च मान मिळवलेल्या लेखिकेची ही स्थिती आहे.

आक्षेपक : ठीक. अन्याय आहे, आणि तो अजून संपलेला नाही, हे मी मान्य करतो. पण मग अन्यायाविरुद्धची नेहमीची साधनं वापरा. पाहणी करा, खटले भरा, बहिष्कार टाका. लाल गालिचा, भरजरी पोशाख, भाषणं, टाळ्या यांचा न्यायाशी काय संबंध? आधीच कोट्यधीश असलेल्या गायक-नटांना आणखी एक बाहुली दिल्यानं कोणत्या गरीब लेखकाचं भलं होतं?

लेखक : कोट्यधीशांबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. दूरचित्रवाणीवर सोहळा दाखवायचा म्हणजे प्रसिद्ध चेहरे हवेत, प्रायोजक हवेत. पदार्पणातल्या पुस्तकाचा किंवा कवितेचा पुरस्कार त्या झगमगाटात मागे पडतो. हा दोष खरा आहे, आणि तो ऑस्करइतकाच इथंही आहे.

पण तुमच्या प्रश्नाचा गाभा वेगळा आहे, आणि त्याच्या उत्तरावर माझी सगळी बाजू उभी आहे. १९८७ साली इमेज अवॉर्ड्‌सनी सर्वोत्कृष्ट चित्रपट अभिनेत्रीचा पुरस्कार दिलाच नाही. कारण सांगितलं की कृष्णवर्णीय स्त्रियांना अर्थपूर्ण प्रमुख भूमिका मिळालेल्याच नाहीत. टीका झाली, अनेक अभिनेत्री दुखावल्या गेल्या. १९९० साली पुन्हा तेच घडलं. पुरेशी नामांकनं न मिळण्याची ती चौथी वेळ होती. माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातले हे सगळ्यात महत्त्वाचे निर्णय आहेत. कारण पाहा. ऑस्करच्या अभिनेत्रीच्या यादीत दर वर्षी पाच नावं भरतात. त्या वर्षी हॉलीवूडनं काळ्या स्त्रीसाठी एकही धड भूमिका लिहिली नसेल, तरी ती यादी पूर्णच दिसते. उणीव तिच्यात दिसण्याची सोयच नाही. पाचही गोऱ्या अभिनेत्री उत्तम असतात, प्रत्येकीची निवड समर्थनीय असते, आणि म्हणून कोणावरही दोष येत नाही. जी भूमिका लिहिलीच गेली नाही, जी कथा पडद्यावर आलीच नाही, तिला नामांकन न मिळाल्याची तक्रार करणार तरी कोण? हे न घडलेलं काम मोजायचं असेल, तर ज्यांचं काम घडलं नाही त्यांच्यापुरतं वेगळं कोष्टक मांडावं लागतं. ते रिकामं राहिलं की सगळ्यांना दिसतं. सर्वांसाठीच्या पुरस्काराला हे काम करता येत नाही, त्याची रचनाच तशी आहे. परीक्षक कितीही सज्जन असले तरी ते समोर आलेल्यांतूनच निवडणार.

पाहणी करा, असं तुम्ही म्हणालात. केल्या गेल्या, आणि त्याच संस्थेनं त्यांचा उपयोग केला. १९९९ च्या उन्हाळ्यात एनएएसीपीचे अध्यक्ष क्वाइसी मफूमे यांनी दाखवून दिलं की चार मोठ्या वाहिन्यांच्या येत्या हंगामातल्या २६ नव्या मालिकांपैकी एकीतही प्रमुख भूमिका गोरेतर कलावंताला दिलेली नाही. बहिष्काराचा इशारा दिला गेला. काही महिन्यांतच वाहिन्यांनी लेखक, दिग्दर्शक, अधिकारी यांच्या नेमणुकांबाबत करार केले. हा इशारा वाहिन्यांनी गंभीरपणे का घेतला? कारण तो देणारी संस्था त्या धंद्यातल्या माणसांना वर्षानुवर्षं नावानिशी ओळखत होती. कोणत्या वर्षी कोणाला काम मिळालं आणि कोणाला नाही, याची आठवण तिच्याजवळ होती. अशी आठवण एका पाहणीत तयार होत नाही. दर वर्षी न चुकता सगळं काम बघावं लागतं, नावं काढावी लागतात, त्यांच्यावर भांडावं लागतं. सोहळ्यातला गालिचा आणि टाळ्या बाजूला ठेवल्या तरी हे काम उरतं, आणि गालिच्याशिवाय ते कोणी पन्नासहून अधिक वर्षं चालू ठेवलं असतं असं मला वाटत नाही. कलावंत पाहणीला येत नाहीत, सन्मानाला येतात. व्हायोला डेव्हिस यांना २०१५ साली नाट्यमय मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचं एमी मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. भाषणात त्यांनी हेच सांगितलं की गोरेतर स्त्रिया आणि इतर यांच्यात फरक पडतो तो फक्त संधीचा. ज्या भूमिका लिहिल्याच जात नाहीत त्यांच्यासाठी पुरस्कार मिळणार कसा? १९८७ सालचं रिकामं कोष्टक हेच सांगत होतं.

आक्षेपक : हा मुद्दा मी आजवर असा ऐकला नव्हता, त्यावर मला विचार करावा लागेल. पण तुमचं मोजणीचं तत्त्व कुठवर नेणार? आपल्याकडेही हाच वाद झाला. साहित्य हे साहित्य असतं, दलित साहित्य वेगळं कशाला, असं म्हणणारे सगळेच दुष्ट नव्हते. वेगळी संमेलनं, वेगळे पुरस्कार, मग त्यांतही पोटभेद. शेवटी प्रत्येक गटाचा आपापला कौतुकसोहळा उरतो आणि एकमेकांचं वाचणं थांबतं.

लेखक : आपल्याकडचा संबंध ओढून आणलेला नाही, तो जुना आणि थेट आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ सालची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली एनएएसीपीचे एक संस्थापक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेण्याच्या प्रयत्नांची माहिती मागवली. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकन कृष्णवर्णीय साहित्य मराठीत समजावून दिलं, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावासकट तिकडची प्रेरणा घेऊन. आणि वेगळेपणाची सुरुवात इथंही वगळण्यातूनच झाली. १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. ज्यांना शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करता येत नाहीत, त्यांच्या सभेत मिसळून आमच्या लोकांचा काय फायदा, असा त्या पत्राचा आशय होता. मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन १८७८ चं. दलित लेखकाला त्या परंपरेच्या अध्यक्षपदावर बसायला १९८४ साल यावं लागलं, जळगावात, शंकरराव खरातांच्या रूपानं. मधल्या काळात १९५८ साली दादरला दलित साहित्यिकांचं पहिलं संमेलन भरलं आणि अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचं उद्‌घाटन केलं. त्या वेगळ्या संमेलनामुळे आणि ‘अस्मितादर्श’सारख्या वेगळ्या नियतकालिकामुळे मराठी वाचकांचं एकमेकांना वाचणं थांबलं का? दया पवारांचं ‘बलुतं’ आणि लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ घराघरांत पोचलं. तुमची भीती अगदी निराधार आहे असं मी म्हणत नाही, गट आत्मसंतुष्ट होतात, हे खरं आहे. पण न वाचण्याची सवय आधीची होती. इमेज अवॉर्ड्‌सच्या बाबतीत तर कुंपण तुम्हाला वाटतं तितकं उंचही नाही. २००७ साली तिथला अध्यक्षीय सन्मान बोनो या गोऱ्या आयरिश गायकाला दिला गेला.

आक्षेपक : मग माझा शेवटचा आणि मला सगळ्यात गंभीर वाटणारा आक्षेप ऐका. मोजणी तुमची मला पटू लागली आहे, पण ही संस्था नुसती मोजत नाही. ती प्रतिमा राखते. समाजाचं चित्र चांगलं दिसलं पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. कलेला याहून मोठा जाच नाही. ज्या हॅटी मॅकडॅनियलच्या अपमानानं तुम्ही सुरुवात केलीत, तिच्यावर सगळ्यात कठोर टीका कोणी केली? याच एनएएसीपीचे सचिव वॉल्टर व्हाइट यांनी. मोलकरणीच्या भूमिका बंद व्हाव्यात म्हणून ते १९४२ साली हॉलीवूडला गेले, आणि जिचं पोट त्याच भूमिकांवर होतं तिला आपली बाजू मांडत बसावं लागलं. १९८५ साली ‘द कलर पर्पल’ आला, तेव्हा काळ्या पुरुषांचं वाईट चित्रण केल्याबद्दल हॉलीवूड शाखेनंच त्या चित्रपटावर झोड उठवली. त्याच्या मूळ कादंबरीत ॲलिस वॉकर यांनी आपल्याच समाजातल्या स्त्रीचं दुःख लिहिलं होतं. ते सांगायचं नाही, कारण गोरे काय म्हणतील! अशा संस्थेच्या हातून साहित्याला पुरस्कार दिले जावेत?

लेखक : या आक्षेपापुढे मी पूर्ण बचाव करणार नाही, कारण तो करता येण्यासारखा नाही. मॅकडॅनियलच्या बाबतीत व्हाइट यांचा निदान अर्धा मुद्दा खरा होता : दुसरी भूमिकाच नसणं हा अन्याय होता. पण त्याची किंमत त्यांनी स्टुडिओच्या मालकांकडून वसूल करायला हवी होती, नटीकडून नव्हे. ‘कलर पर्पल’च्या वेळचा गोंधळ तर कागदावरच दिसतो. आधी चित्रपटावर टीका केली, आणि मग ११ नामांकनं असूनही त्याला एकही ऑस्कर मिळालं नाही तेव्हा त्याच शाखेनं अकादमीकडे तक्रार केली. चित्र कसं आहे याचा न्याय करणं आणि चित्र काढायला मिळालं का हे तपासणं, ही दोन वेगळी कामं आहेत, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

या गोंधळाचं मूळ संस्थेच्या जन्माच्या काळात आहे. १९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ पडद्यावर आला. त्यात चेहऱ्याला काळं फासलेले गोरे नट काळ्या माणसाला पशू म्हणून दाखवत होते, आणि कू क्लक्स क्लान त्या चित्रपटाच्या बळावर पुन्हा उभी राहिली. चित्रावरून माणसं मारली जातात, हे ज्या संस्थेनं पहिल्या काही वर्षांतच पाहिलं, तिला प्रतिमेची धास्ती वाटणं समजण्यासारखं आहे. १९२६ साली शिकागोत कार्टर वुडसन यांना एनएएसीपीचं स्पिंगार्न पदक देण्याच्या प्रसंगी डुबॉइस यांनी भाषण केलं आणि सगळी कला ही प्रचारच असते, अशी उघड भूमिका घेतली. ह्यूज यांनी त्याच महिन्यात नेमकं उलट म्हटलं होतं : आम्ही आमच्या मनातलं न भिता लिहू, गोरे खूश झाले तर बरं, काळे नाराज झाले तरी हरकत नाही. इमेज अवॉर्ड्‌स या दोघांचेही वारस आहेत, आणि त्यांनी डुबॉइसपेक्षा ह्यूजचं अधिक ऐकावं असं मला वाटतं. छळ करणारा बाप, चुकलेला नेता, हरलेली आई यांच्या कथांना पुरस्कार द्यायला जी संस्था कचरते, तिची मोजणीही खोटी पडते. कारण मग कोष्टकात काम येतं ते सभ्य दिसणारंच.

पण संस्थेला हे कधी जमलंच नाही, असं मात्र नाही. २००२ साली ‘बार्बरशॉप’ नावाचा विनोदी चित्रपट आला. त्यातलं सेड्रिक द एंटरटेनर यांनी रंगवलेलं म्हाताऱ्या न्हाव्याचं पात्र दुकानात बसून नागरी हक्कांच्या लढ्यातल्या रोझा पार्क्स यांची आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचीही टिंगल करतं. त्याच लढ्यातले नेते जेसी जॅक्सन यांनी ते संवाद काढून टाकायची मागणी केली. इमेज अवॉर्ड्‌सनी तरीही चित्रपटाला नामांकनं दिली, आणि २००३ च्या सोहळ्याचं सूत्रसंचालन सेड्रिक यांच्याकडेच सोपवलं. रोझा पार्क्स यांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला. तेव्हा नव्वदीत पोचलेल्या त्या बाईंना तो पूर्ण अधिकार होता. नामांकन द्यायचा अधिकार परीक्षकांना होता आणि न्हाव्याच्या दुकानात चालणाऱ्या गप्पा जशाच्या तशा लिहायचा अधिकार लेखकाला होता. तिघांपैकी कोणीही मागे हटलं नाही आणि सोहळा झाला. त्या वर्षी संस्था जशी वागली तशी ती १९८५ साली वागली असती, तर या आक्षेपाला मला उत्तर शोधावं लागलं नसतं.